दोन सुनीता मडावी

१० नोव्हेंबर, सोमवार
पंकजने माझी तक्रार तिसऱ्यांदा परत पाठवली. शेरा तोच, "मेरे यहाँ तो चल रहा है." अरे, मग तुझाच लॅपटॉप नेऊन दे ना दवाखान्यात! सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराच्या, पेशंटांची नोंद ठेवायचं ॲप त्याने बनवलं, त्यातल्या चुका मी शोधायच्या. बारा वर्षं क्लासमध्ये गणितं तपासली. तिथं चूक दाखवली की पोरं माना खाली घालायची. इथं उलट मलाच विचारतात, "आपने क्या दबाया?"
आणि खरं म्हणजे मला सांगता आलं नाही. मी लिहिलं होतं, 'शोध नीट चालत नाही.' बस. आमच्या ऑफिसचे सर म्हणाले, "हे वाचून मला ती चूक दिसेल का? काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढं तर लिहा." महिना झाला नोकरीला. हे आज कळून राहिलं.

१२ नोव्हें.
नऊ पायऱ्या लिहिल्या. आडनाव टाकलं, त्याच्यामागे एक रिकामी जागा सुटली, 'शोधा' दाबलं, यादी कोरी. पंकजने दहा मिनिटांत दुरुस्त केलं. वरून, "पहले बोलना था ना." डोकं गरम.
आता गावाचं नाव निवडता येत नाही. काल येत होतं! एक दुरुस्त केलं की शेजारचं बिघडतं, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. सर म्हणे यालाच टेस्टिंग म्हणतात. मी काय म्हणते ते इथं लिहीत नाही.

१३ नोव्हें.
आज घरूनच. सासूबाई पाठीमागे येऊन उभ्या. "सकाळपासून एकच बटन दाबून राह्यली. कायले?"
म्हटलं, चुका काढायची नोकरी आहे.
"हे नोकरी आहे? मी तं जनमभर फुकटच काढल्या."
तेव्हा राग आला. आता हसून राहिले.

१७ नोव्हें., सोमवार
सरांसोबत सौंदडकडे, ज्या ट्रस्टसाठी ॲप आहे त्यांच्या दवाखान्यात. तिथल्या नर्स दुर्गाताई. त्यांचं कागदी रजिस्टर समोर ठेवून त्यांनाच ॲपमध्ये नोंदी करायला लावल्या. मी फक्त बघायचं, बोलायचं नाही. (कठीण.)
सुनीता मडावी, वय चौदा. तिला सिकलसेल आहे, रोज गोळी. जतन, हिरवी खूण. त्याच पानावर खाली दुसरी सुनीता मडावी. गाव तेच, वय तेच. ही नुसती वाहक, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, गोळी नको. जतन, हिरवी खूण. दुर्गाताईंनी यादी उघडली.
"म्याडम, ह्या दोघी येगयेगळ्या हायेत. एकच काऊन दिसून राह्यली?"
दुसरीची नोंद पहिलीवर चढली. आजारी पोरगी यादीतून गेली, ॲप रोज देणार ती गोळीची आठवण गेली, आणि वर हिरवी खूण!
महिनाभर मी कोणत्या नावांनी तपासलं? टेस्ट एक, टेस्ट दोन, एबीसी. एबीसी नावाची पोरगी कोणत्या गावात राहते? पंकजवर काय चिडायचं.

१८ नोव्हें.
तक्रार लिहिली, सगळ्यात गंभीर म्हणून. पंकज म्हणतो, "एक गाँव, एक नाम, एक उमर? हज़ार में एक." म्हटलं, एकाच पानावर दोघी आहेत, फोटो बघ.
सर म्हणाले, "शुक्रवारी ट्रस्टला ॲप द्यायचं आहे. तक्रार नोंदलेली राहू द्या, पुढच्या खेपेला बघू." दुपारी पाहिलं तर तक्रारीपुढे 'नंतर'. नंतर म्हणजे कधी?

१९ नोव्हें.
तक्रार पुन्हा उघडली. सरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "चूक दाखवणं तुमचं काम. थांबायचं की नाही, ते माझं."
सर चुकीचं बोलले नाहीत. पण ॲपसोबत जाणाऱ्या तपासणीच्या अहवालाखाली 'तपासले, योग्य' असं छापलेलं आहे आणि त्यापुढे नाव माझं.

२० नोव्हें.
पंकजने फोटो मागितला. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "दीदी, नींव ही ग़लत है." ॲप माणसाला नाव-गाव-वयावरूनच ओळखतं. प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा तर किमान चार दिवस. तोवर इशारा टाकला, 'हे नाव आधीच आहे. तरी जतन करायचं?'
तपासलं. इशारा येतो. 'हो' दाबलं की पहिली सुनीता तशीच पुसली जाते! विचारून पुसतं, एवढाच फरक. पंकजच म्हणाला, "लिख दो, फेल." पहिल्यांदाच.

२१ नोव्हें., शुक्रवार
सकाळी अहवाल पाठवला. 'योग्य' खोडून 'अयोग्य', खाली पायऱ्या, रजिस्टरच्या पानाचा फोटो. सर आणि पंकज अकराला सौंदडकडे निघाले. मला नेलं नाही.
दीडला पंकजचा मेसेज, "सर ने रिपोर्ट पढ़ ली. मीटिंग चालू."
दोनला दुर्गाताईंचा फोन. "म्याडम, साहेब लोक आत बसले आहेत. मले आजपासूनच ॲपमंदी टाकाले सांगतलं. दोघी सुनीता बाहेर बसून आहेत. कोनाची टाकू?"
म्हटलं, "कोणाचीच नका टाकू. रजिस्टरातच लिहा."
"साहेबानं इचारलं तं?"
"माझं नाव सांगा."
हे सांगायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. साडेचार झाले. फोन टेबलावर पालथा ठेवला होता, आता सरळ केला. अजून कोणाचाच आला नाही.