हेंकचा गोपनीय अहवाल

९ सप्टेंबर २००६, शनिवार. फ्रिस्को, टेक्सास

सकाळी आठला फुटबॉलच्या मैदानावर. ऊन आतापासूनच चटके देणारं. नव्या कोचने आज सईला पुढून काढून मधे खेळवलं. महिनाभर गोल मारायची मनाई! गाडीत बसल्याबसल्या गौरी फणफणली. "आई, टीममध्ये सगळ्यात जास्त गोल माझ्या मुलीचे, आणि हा माणूस तिलाच मागे ओढतो!" मागच्या सीटवरून सई: "ही इज सो मीन, आजी."

कोचचं नाव हेंक. हॉलंडचा. उंच, कान लाल, आवाज न चढवता बोलतो. मुलींना उगाच "छान, छान" म्हणत नाही. इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात.

अकरा वर्षांच्या पोरीला मधे का घातलं असेल? विचारलं पाहिजे.

१२ सप्टें.

विचारलं. प्रॅक्टिस संपल्यावर तो प्लास्टिकचे शंकू गोळा करत होता. म्हणाला, "चेंडू पायाशी आला की ती चांगली खेळते. यायच्या आधी काहीच करत नाही."

आधी काय करायचं असतं?

"मान वळवून मागे बघायचं. कोण कुठे आहे."

कॉलेजात खो-खो खेळले आहे, लगेच पटलं. तो स्वतः मधल्या फळीत खेळायचा म्हणे. कुठे, किती वर्षं, हे विचारायच्या आत शंकूंची चळत काखेत मारून गेला.

१६ सप्टें.

सामना. सईने किती वेळा मागे पाहिलं ते मोजलं. चार. पैकी दोनदा गौरीकडे.

२६ सप्टें.

हेंकबद्दल आजवर हाती लागलेलं: गाव समुद्राच्या पातळीखाली. वडिलांच्या गायी. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात नऊ वर्षं, वरच्या श्रेणीत एकच हंगाम. एकोणतिसाव्या वर्षी खेळ सोडला.

दुखापत? "नाही."

मग? "सईला सांगा, पाणी जास्त प्यायचं."

माणूस एका वेळी एकच वाक्य देतो. गुरुवारी पुन्हा.

७ ऑक्टो., शनि.

एकतीस वेळा! मी मोजते हे तिला ठाऊक नाही. स्वतः गोल नाही, पण दोन गोल तिच्या पासवर झाले. सामना संपल्यावर हेंक तिला एवढंच म्हणाला, "बेटर." घरी येईपर्यंत तिने तो शब्द तीनदा मला सांगितला.

गौरीला अजून पटलेलं नाही.

१० ऑक्टो.

शेवटी हेंकने सांगितलं. एकोणतिसाव्या वर्षी क्लबचा नवा कोच त्याला म्हणाला, "तुला खेळ सगळ्यांच्या आधी दिसतो, आणि तिथे तू सगळ्यांच्या शेवटी पोचतोस." याने त्या उन्हाळ्यात खेळणं सोडलं आणि लहान मुलांना शिकवायला लागला. पुढे एका ज्युनिअर संघाचा कोच, मग क्लब दुसऱ्यात विलीन झाला, जागा गेली. टेक्सासला उन्हाळी शिबिरापुरता आलेला, तो राहिला.

राग नाही आला त्या कोचचा?

"आला. विसाव्या वर्षी का नाही कुणी सांगितलं, याचा."

परत येताना हेच डोक्यात. आपण किती जणांना वेळेवर सांगितलं?

२२ ऑक्टो., रवि.

दिवाळीचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. चिवड्यापेक्षा हेंकचीच चर्चा जास्त. संदीप (याची मुलगी गोलकीपर) सगळ्यांत तापलेला. हेंकने त्याला तोंडावर सांगितलं म्हणे, "तुमची मुलगी चेंडूकडे नाही, तुमच्याकडे बघते. तुम्ही घरी थांबा." हसू दाबलं.

"काकू, हसता काय? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंच नाही, बस."

डिसेंबरात करार संपतो. निर्णय पालकांच्या कमिटीचा, जावई प्रसाद तिच्यात आहे. हेंकचा व्हिसा या नोकरीवर. ती गेली की महिन्यात सामान बांधायचं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत, निम्मे स्वतः तसेच इथे आहेत. तरी कुणी तो विषय काढला नाही.

प्रसाद म्हणाला, "आई, कमिटीने लेखी मतं मागवलीत. आजी-आजोबांचीही चालतात."

२५ ऑक्टो.

दोन पानी पत्र लिहिलं. मुख्याध्यापिका म्हणून बावीस वर्षं शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले, त्याच शिस्तीने. आधी दोष, एकही न लपवता: हेकट, तुटक, पालकांशी वागायची रीत नाही, एकदा प्रॅक्टिसला उशिरा. शेवटी गुण: मुलींना बघायला शिकवतो, शिकवणं मनापासून. सेवेत ठेवावे.

दोष मोकळेपणाने लिहिले की गुणांवर विश्वास बसतो. नुसती स्तुती असलेला अहवाल मी कधी वाचतही नसे. गौरीला दाखवलं नाही. प्र.कडे बंद पाकीट दिलं.

३ नोव्हें., शुक्र.

प्रसाद मीटिंगहून आला तो बूट न काढताच दारात उभा. "आई, तुम्ही काय लिहिलंत?"

कमिटीच्या अध्यक्ष बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. दीड पान झाल्यावर म्हणाल्या, एवढ्या वयाच्या, अनुभवी शिक्षिका इतक्या नाराज असतील तर पुढे वाचायची गरजच काय. पाकिटात परत! प्र. म्हणाला, शेवट वाचा. "तुम्ही घरचे आहात" म्हणून गप्प बसवलं.

गौ. : "इथे आधी चांगलं लिहितात गं. वाईट लिहायचंच असेल तर एक ओळ, तीही गोड."

संदीपचा फोन आला. "काकू, मानलं तुम्हाला. एका पत्रात त्याची वाटच लावलीत!" अभिनंदन करत होता. फोन ठेवून दिला.

बावीस वर्षांतले बाकीचे अहवाल वरच्या ऑफिसात कुणी शेवटपर्यंत वाचले असतील?

७ नोव्हें.

हेंकला स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्याकडून कळायला नको. म्हणाला, पत्र बघू. कच्ची प्रत दिली. वाऱ्यात कागद फडफडत होता, दोन्ही हातांनी धरून उभ्याउभ्या वाचला. दोन्ही पानं.

"उशीर एकदा नाही, दोनदा," म्हणाला.

माफी मागितली. आयुष्यात तिसऱ्यांदा असेल. मान हलवली त्याने. मग, "हे मला ठेवायला मिळेल?"

दिलं.

९ नोव्हें.

कमिटीला फोन केला. पत्र मागे घेता येत नाही, पण पुढच्या गुरुवारी तीन मिनिटं बोलता येईल. निकाल सोमवारी ईमेलने. माझं विमान शनिवारी.

१४ नोव्हें.

भाषणाची तालीम प्रसादसमोर. सुरुवात, "हेंक हट्टी आहेत, तरी..."

"आई. तरी नको."

पुन्हा. "आई, चेहरा."

सई सोफ्यावरून: "आजी, स्माइल!" पोरगी हसून लोळली.

१६ नोव्हें., गुरु.

आत्ताच आलो. शाळेची लायब्ररी, लहान मुलांच्या खुर्च्या. गुडघे वर. हेंक मागच्या भिंतीला टेकून उभा, संदीप पहिल्या रांगेत.

मी चार आणि एकतीस सांगितलं. माना किती वळल्या ते. बाईंनी लिहून घेतलं. पत्राचं शेवटचं अर्धं पानही वाचून दाखवलं. एक दोष नाही, सबंध तीन मिनिटं.

मग बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पण पत्रात तुम्ही इतकं काही लिहिलंय. खरं सांगा, पुढच्या वर्षीही नातीला यांच्याच हाताखाली ठेवाल?"

"हो," म्हटलं.

बाईंचं पेन तसंच वर. संदीपही वळून बघायला लागला. त्याच्या दोषांचं पुढचं वाक्य जिभेवर होतं, आणि ते खरंही होतं.

सगळे थांबले होते. मी खाली बसले.