पिकअपचं ऑइल मीच बदलणार

१० नोव्हेंबर, रविवार
पिकअप आली! सेकंडहँड आहे, पण हॉर्न नव्या गाडीचा वाटतो. जुना मालक भैंशा गावचा. चावी देताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मन भरून आलं. नंतर कळलं, त्याचे डोळे आले होते.

निश्चय : या गाडीला मेकॅनिकचा हात लागणार नाही. सगळं मेंटेनन्स मी स्वतः करणार. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक तमिळमध्ये होता, तरी समजला.

८ डिसेंबरला मेहुणीचं, मयूरीचं लग्न. नवरदेवाकडे, इंद्रवेल्लीला. रुखवत, मयूरीचा शालू आणि सासूबाई, तिघांनाही मी पिकअपमधून नेणार असं जाहीर करून टाकलं. पद्मिनी म्हणाली, "आधी मेकॅनिकले काऊन नाही दाखवत?" बायकोला माझ्यातला इंजिनिअर दिसत नाही. तिचा दोष नाही. बी.कॉम.च्या सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर
ऑइल घ्यायला आदिलाबादला गेलो. दुकानदाराने गाडी विचारली आणि पंधरा-डब्ल्यू-चाळीसचा डबा काढला. मी थांबवलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे त्याला समजावून सांगितलं. आदिलाबादची थंडी पेपरात छापून येते, म्हणून पाच-डब्ल्यू-तीस, फुल सिंथेटिक. तो म्हणाला, "पुरानी गाडी है साब, पतला पडेगा." मी म्हटलं, मीही जुनाच आहे, मला पातळ वरणच पचतं. त्याने डबा बदलला. पटलं असावं.

कूलंटमध्ये हिरवं घ्यावं की गुलाबी, असा प्रश्न पडला. दोन्ही घेतले. निर्णय घरी शांतपणे घेईन.

१७ नोव्हेंबर, रविवार
ऐतिहासिक दिवस. आज ऑइल बदललं.

गाडीखाली शिरलो, नट सापडला, पाना लावला, पहिल्याच झटक्यात निघाला. ऑइल अगदी मधासारखं, पिवळंधमक! वास मात्र कुजक्या अंड्याचा. म्हणजे ओरिजिनल मिनरल असणार. आता पुढचा भाग लिहितानाही अंगावर काटा येतो. निघालं फक्त दीड-दोन लिटर! इंजिनला सहा लागतं. म्हणजे भैंशाच्या त्या माणसाने ही बिचारी गाडी जवळजवळ कोरडी चालवली. माझ्याकडे आली म्हणून वाचली.

नट बसवून वरून सहा लिटर नवं टाकलं. डिपस्टिक पार वरपर्यंत भिजली, मॅक्सच्या खुणेच्याही कितीतरी वर. पद्मिनीने विचारलं, "इतलं बराबर हाय का?" मी सांगितलं, उपाशी माणसाला पहिल्या दिवशी पोटभर वाढायचं असतं.

ब्रेक फ्लुइडला हात लावायला निघालो तर म्हणाली, ब्रेकले हात लावसान तर मी माहेरी चालली. माहेर चार गल्ल्या पलीकडे आहे, पण ती खरंच जाते. ब्रेक फ्लुइड फेज टूमध्ये.

१९ नोव्हेंबर
कूलंटचा निर्णय झाला. दोन्ही अर्धं-अर्धं. हिरव्याचे गुण हिरव्याकडे, गुलाबीचे गुलाबीकडे, गाडीला दोन्हींचा फायदा. मिश्रणाचा रंग चहासारखा आला. थोड्या वेळाने साय धरली. साय धरते म्हणजे माल कसदार आहे.

एअर फिल्टर काळा पडला होता. निरम्यात भिजवून, ब्रशने घासून दोरीवर वाळत घातला. कागदाचा निघाला. वाळल्यावर पापडासारखा झाला, पण स्वच्छ.

२१ नोव्हेंबर
ट्रायल. तलमडुगुच्या रस्त्याने एक चक्कर.

निरीक्षण एक : इंजिनचा आवाज भारदस्त झाला आहे.
निरीक्षण दोन : मागून निळा-पांढरा धूर निघतो. आतली इतक्या वर्षांची घाण जळून बाहेर पडून राह्यली.
निरीक्षण तीन : गिअर टाकताना बारीक शिट्टी वाजते. विमानात बसल्यासारखं वाटतं. (मी अजून बसलो नाही.)

घरी परतलो तर शेजारचे अनंतराव बादली घेऊन धावत आले. त्यांना वाटलं आपली कापसाची गंजी पेटली. त्यांना फुल सिंथेटिकबद्दल समजावलं. बादली घेऊनच परत गेले.

२८ नोव्हेंबर
तिसरा गिअर पडत नाही. मी त्याच्याशिवाय चालवायला शिकलो. दुसऱ्यावरून सरळ चौथा. गरज असते तेव्हा माणूस तिसऱ्याची वाट पाहत नाही.

मेहुणा पंकज म्हणाला, भाऊजी, लग्नासाठी दुसरी गाडी सांगू का? अपमान गिळला. घरातल्याच माणसाला विश्वास नाही.

७ डिसेंबर
चौथाही पडत नाही. दुसरा मजबूत आहे. इंद्रवेल्ली काही पळून जात नाही. फक्त लवकर निघायचं.

८ डिसेंबर, सकाळी ९
गुडीहत्नूरच्या पुढे. उभा आहे. तात्पुरता.

बाकी सगळे पंकजसोबत टेम्पोने पहाटेच पोचले. माझ्यासोबत सासूबाई कुसुमबाई पुढच्या सीटवर, शालूची पेटी मांडीवर. मागे रुखवत : बुंदीचा किल्ला, रव्याची बैलजोडी, करंज्यांच्या टोपल्या, आणि सासूबाईंनी चार महिने विणलेलं क्रोशाचं तोरण. चढावर गाडीने "खर्रर्र" केलं आणि दुसरा गिअर गेला. मग पहिला गेला. मग बॉनेटमधून वाफ, सायलेन्सरमधून धूर. पलीकडच्या शेतातल्या बाया घागरी घेऊन धावल्या.

सासूबाई रागावल्या नाहीत. हेच वाईट. फक्त पेटी छातीशी धरून म्हणाल्या, "जवाईबापू, पोरगी थांबली असन."

मुहूर्त साडेअकराचा. फोन लावला. पद्मिनीने ऐकून घेतलं आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.

त्याच दिवशी, १०
इंद्रवेल्लीवरून जाणारी उटनूरची बस आली. सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. अशा बाईपुढे बस थांबतेच. कंडक्टरने माझ्या गाडीकडे पाहिलं, सगळं समजला आणि "एक्कंडी, एक्कंडी" (चढा, चढा) म्हणत स्वतः टोपल्या चढवू लागला. प्रवाशांनी एकेक वस्तू मांडीवर घेतली. कॉलेजच्या पोरींनी रव्याचे बैल घेतले. एका फौजदारासारख्या दिसणाऱ्या माणसाने बुंदीचा किल्ला. तोरण ड्रायव्हरने आरशाला बांधलं.

मीही चढायला लागलो. सासूबाई म्हणाल्या, "गाडीपाशी कोनी पायजेन."

बस गेली. मी आहे. जबाबदारीचं काम माझ्याकडे आलं.

दुपारी १२
बसून काय करायचं, म्हणून गाडीखाली शिरलो. खाली दोन नट आहेत. एक स्वच्छ, माझ्या पान्याच्या खुणांचा. तो मागे, गिअरबॉक्सला. दुसरा पुढे, इंजिनला. त्याच्यावर चिखलाचा थर तसाच. त्याला कोणी हातही लावलेला नाही.

त्या चिखलावर नखाने ओरखडा काढून पाहिला.

म्हणजे मी गिअरबॉक्सचं तेल काढलं. आणि इंजिनच्या जुन्या ऑइलवर सहा लिटर नवं ओतलं.

कंपनीने नटांवर नावं लिहायला काय हरकत होती?

आता तिकडे मंगलाष्टकं झालीही असतील. मेहुणीच्या लग्नात तिच्या भाऊजीने गाडीखाली असायला नको होतं. इथे फक्त शेतातलं इंजिन वाजून राह्यलं.

दुपारी ३
परतीची बस थांबली. तोच कंडक्टर. कपाळाला कुंकू, तोंडात विडा. प्रवासी जेवूनच पुढे गेले म्हणे, किल्लावाला माणूस तर पंगतीत वाढायलाही उभा राहिला. माझ्यासाठी डबा होता. मयूरीने पाठवला. सोबत तिचा निरोप, कंडक्टरने पाठ करून आणलेला : "भाऊजी, शालू टायमावर पोचला. जिलबी गरम हाय तोवर खा."

खाल्ली. पाकही चाटून घेतला.

११ डिसेंबर
गाडी टो करून आदिलाबादच्या गॅरेजमध्ये. मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला, मग शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांना बोलावून दाखवला. केस दुर्मीळ आहे तर. फोटोही काढले. रेडिएटरमधून जे निघालं ते त्याने काठीवर धरून वास घेतला आणि काठी फेकली.

२ जानेवारी
पद्मिनी पंकजकडून टेम्पोवर ड्रायव्हिंग शिकून राह्यली. गंमत म्हणून असेल. मी टिप्स दिल्या. तिने काच वर केली.

२६ जानेवारी, रविवार
परवा पद्मिनीला लायसन्स मिळालं. गाडीही परत आली. इंजिनमध्ये पंधरा-डब्ल्यू-चाळीस. चावी तिच्या पर्समध्ये असते.

३ फेब्रुवारी
आमच्या शेतातला शेवटचा कापूस घेऊन भैंशाच्या जिनिंग मिलला निघालो. पद्मिनी चालवते. पुढे तिच्या शेजारी सासूबाई. मी मागे, कापसावर. मालाकडे लक्ष ठेवायला जाणता माणूस लागतोच.

चहाला थांबलो तेव्हा म्हटलं, बॉनेट उघडून कूलंट बघू का?

"नका उतरू," म्हणाली. चहा वरच आणून दिला.