तेजूचं गळू

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा आलं! या वेळी मानेला, उजव्या कानाखाली. लिंबाएवढं. तेजू चार वर्षांची आणि हे तिसरं गळू. आधी काखेत, मग मांडीवर. हात लावू देत नाही. अंगात ताप.

संयोगिताला बोलले. फार बोलले. "पोर सांभाळायची म्हणजे नुसती पोटाशी धरायची नव्हे, स्वच्छ ठेवायची असते!" ती भांडी घासत होती. "दोनदा साबण लावतो की, आत्ती." उलट बोलली म्हणून आणखी चिडले. खरं तर मान खालीच होती तिची.

माझ्या सख्ख्या भावाची पोर ती. पिराजीची. माझ्या लेकासाठी, विश्वजितसाठी, कोडोलीहून मीच आणली. "घरची पोर घरात आली" असं सगळ्या पै-पाहुण्यांना सांगत सुटले होते. परकी सून असती तर इतकं बोलले असते का? बहुतेक नाही.

गव्हाच्या पिठाची पोटीस बांधली, हळद घालून.

१२ फेब्रुवारी

पोटिसानं काही झालं नाही. विश्वजितला कारखान्यातून सुट्टी मिळेना. मीच दोघींना घेऊन कोल्हापुरात गेले. लहान मुलांच्या डॉक्टर — स्नेहल मॅडम. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील. गळू फोडलं. तेजू किंचाळली. संयोगितानं तिला घट्ट धरलेलं, स्वतःचे डोळे मिटून.

मग प्रश्न. जन्म कसा झाला, लसी कुठल्या दिल्या. शेवटी — "आईवडिलांचं लग्न नात्यातलं का?"

मी म्हणाले, "छे! नाही हो."

का म्हणाले? उभी हयात प्राथमिक शाळेत गेली. नात्यात लग्नं करू नका, असं पालकसभेत मीच सांगायचे. आणि आपल्या घरी काय केलं ते या पोरसवदा बाईपुढं कबूल करायचं — जीभ वळलीच नाही. संयोगितानं माझ्याकडं पाहिलं. मॅडमनी लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी

गळवाचा आणि लग्नाचा काय संबंध? काही नाही. उगीच विचार करतेय.

२ मार्च

जखम भरली. घरातले सगळे टॉवेल उकळून काढले. तेजूला जंतुनाशकाच्या पाण्यानं अंघोळ घातली. "आज्जी, झोंबतंय!" तरी घासलंच.

२३ मार्च

शेजारच्या अक्काताई आल्या होत्या. "सूनबाईच्या हाताला स्वच्छता न्हाय व्हय? मी तर माझ्या नातवाला धाडत न्हाय बाई तुमच्यात." मी मान हलवली. नुसती हलवली नाही, वर भर घातली. म्हणाले, "शेणामुतात वाढलेली, काय करणार!"

त्या गेल्यावर लक्षात आलं. ते घर माझंच माहेर. त्याच गोठ्यात मी वाढले!

संयोगिता मागं कपडे वाळत घालत होती. ऐकलं असणार.

२१ एप्रिल

तेजूचा ताप उतरेना. पोट धरून रडते, खात नाही. आज दवाखान्यात दाखल केलं. सोनोग्राफी झाली. यकृतात गळू.

यकृतात! सकाळपासून एकच विचार — पोटाच्या आत कुठली माती गेली? तिथं कोण साबण लावणार होतं?

२२ एप्रिल

आज सगळं लिहून काढते.

सुई घालून पू काढला. नंतर स्नेहल मॅडम फेब्रुवारीचा कागद पुढं घेऊन बसल्या. म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा गळवं, आता यकृतात. प्रतिकारशक्तीतच जन्मजात काहीतरी दोष असावा. पण मुलीला हा दोष यायचा तर बहुधा आईवडील दोघांकडून यावा लागतो. तुमचं तर नात्यातलं लग्न नाही..."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! पण शब्द आधी संयोगिताचा आला. "हाय मॅडम, नात्यातलंच. ह्यांच्या मामाची पोरगी मी. आत्तींच्या ध्यानात आलं नसंल त्या दिवशी. तेजू लई रडत होती."

ध्यानात आलं नसेल! सख्ख्या भावाची मुलगी — आणि ध्यानात आलं नाही!

मॅडमनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं तर तेव्हाच तपासलं असतं." दोन महिने. त्या दोन महिन्यांत ते आत वाढत होतं.

आणि मी बाहेरून पोरीला घासत होते.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

३ मे

रक्त मुंबईला पाठवलं होतं. आला रिपोर्ट. मॅडमनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. मी नंतर तस्संच लिहायचं म्हणून ऐकत होते.

जंतू आत शिरला की पांढऱ्या पेशी धावत जातात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मापासूनच येतं ते. त्या जंतूला गिळतात. गिळल्यावर पेशीच्या आत एक जहाल रसायन तयार होतं, त्यानं जंतू मरतो. तेजूच्या पेशी धावतात. गिळतातही. पण ते रसायनच होत नाही. गिळलेला जंतू आत जिवंत राहतो. मग मदतीला आणखी पेशी येतात, त्यांचंही तेच. मरतात, साचतात, भोवती भिंत होते. गळू.

विश्वजित म्हणाला, "म्हणजे अस्वच्छतेनं नाही?"

"कुणाच्याही अंगावर असतात हे जंतू. तुमच्या, माझ्या. आपल्याला काही करत नाहीत. पू म्हणजे घाण नव्हे हो, लढून मेलेल्या पेशी असतात त्या. आईनं काळजी घेतली म्हणूनच मुलगी इथवर आली."

संयोगितानं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं बघू शकले नाही. 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक' — किती वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे वाक्य! एकदाही वाटलं नाही, सैनिकाच्या हातात काही नसलं तर?

आता रोज दोन औषधं, चुकवायची नाहीत. शेण, उकिरडा, कुजका पाला — जवळ नाही. त्यातली बुरशी हिच्या फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल. कायमचं बरं व्हायचं तर बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, बदलायचा. त्यासाठी जुळणारं माणूस हवं.

५ मे

सॉरी म्हणायला स्वयंपाकघरात गेले. "संयोगिता, माझं—"

"आत्ती, सरका. दूध उतू चाललंय."

दूध उतू चाललं नव्हतं.

२९ मे

दुसरा रिपोर्ट. विश्वजितमध्ये अर्धा दोष, संयोगितातही अर्धा, आणि तोच. आमच्या आईकडून नाहीतर आबांकडून आला असणार. मी विश्वजितला दिला, पिराजीनं संयोगिताला. स्वतःला काहीच झालं नाही आम्हाला! आणि मी मध्ये बसून दोन्ही अर्धे एकत्र आणले.

पिराजी भेटायला आला. तेजूपाशी बसून राहिला. जाताना दारात म्हणाला, "आक्का, खोट आपल्या रक्तात हुती. मग माझ्या पोरीला का बोलत हुतीस?" आवाज चढवला नाही. पाणी घेतलं नाही. चप्पल घालून गेला.

१ जून

अक्काताईंकडं गेले. अजून दोघीतिघी होत्या तिथं. तरी सगळं सांगितलं. "सुनेचं काही चुकलं नाही. दोष माझ्याकडचा आहे. मी डॉक्टरांशी खोटंही बोलले." अक्काताई म्हणाल्या, "च्या घ्या की." घेतला.

घरी आले तर संयोगिताला आधीच कळलेलं! गल्लीत बातमीला पाय नाहीत, पंख आहेत. माझ्याकडं बघत म्हणाली, "कशाला गेलता?"

"जायला पाहिजे होतं."

ती तेजूचं औषध मोजत राहिली. बाटलीचं झाकण लावून म्हणाली — "त्या दिवशी 'शेणामुतात' म्हणालात न्हवं, ते लई लागलं होतं. साबणाचं न्हाय लागलं तेवढं."

"हो."

बस्स. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागायचा हक्क कुठाय?

६ जुलै

बोन मॅरो कुणाचा जुळतो ते बघायला सगळ्यांच्या गालातून कापूस फिरवून नमुने घेतले, माझाही. पिराजीही आला होता. माझ्याशी बोलला नाही, पण खुर्ची पुढं सरकवली. मॅडम म्हणाल्या, अर्धा दोष असलेलं माणूसही चालतं, त्याच्या पेशी काम करतात.

२ ऑगस्ट

विश्वजितचा पूर्ण जुळत नाही. संयोगिताचाही नाही. पिराजीचाही नाही. माझा रिपोर्ट अजून यायचाय. तेजूला पुन्हा थोडा ताप.

१८ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

मुंबईहून फोन आला. संयोगितानं घेतला. ऐकता ऐकता भिंतीला टेकली. मग फोन ठेवून आत आली. माझ्या पुढ्यातली फराळाची ताटली उचलली, भाकरी-आमटीचं ताट ठेवलं.

"तुमचा जुळलाय. समदा. वय जास्त हाय, तपासण्या करतील म्हणाले. आजपासून उपासतापास बंद. जेवायचं गप, आत्ती."

जेवले.