गोळीचा रंग

आदरणीय डोमाजीदादा,

पायांवर डोकं ठेवतो. (ते हल्ली जरा गरगरतं, म्हणून बेतानं.) मायावहिनींचा गुडघा कसा आहे? अकोल्याचं ऊन तुम्हा दोघांना सांभाळून असो.

तुमची परवानगी न घेता मी तुम्हाला रुग्ण केलं आहे. इथे अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात मी मुलांना रुग्णाची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायला शिकवतो. सरावाला रुग्ण हवा, म्हणून मीच खुर्चीत बसलो आणि नाव, वय, रक्तदाब सगळं तुमचं सांगितलं. त्याआधी तासभर गरजलो (माझी सभा तुम्ही ऐकली आहे): माणूस म्हणजे आकडा नव्हे! तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा! आणि लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर खाली नवी नोंद, जुनी तशीच राहील!

जेवणानंतरची वेळ. हिरवे पडदे, पंख्याची घरघर, तीस कॉम्प्युटरांचा निळसर उजेड. चिखलदऱ्याच्या धुक्यात बसल्यासारखं वाटलं. हळूहळू मी तुम्हीच झालो. प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "बाबा, बीपीची गोळी रोज घेता का?" मी तुमच्या आवाजात म्हणालो, "घेतो ना बाई, काहून नाही घेत?"

"मंग कोन्या रंगाची हाय, सांगा."

दादा, धुक्यातून गोळ्या तरंगत आल्या. एक संत्र्यासारखी, एक कापसाच्या बोंडासारखी, एक हळदीसारखी. एकही हाती लागेना. मी आरोग्य आणि लोकशाही या विषयावर बोलू लागलो. मागून विपुल म्हणाला, "सर, भाषण नोका देऊ, रंग सांगा!" चाळीस वर्षं व्यासपीठं हादरवणारा माणूस गप्प झाला. प्रणालीनं 'रुग्णाचे शब्द' या चौकटीत लिहिलं, "काहीच बोलले नाहीत." त्याखाली, "गोळ्या घेत नसावेत. बुधवारी पुन्हा विचारणे." वेळ दोन चाळीस. पुसता येत नाही, नियम माझाच.

तुमच्या नावाला हा डाग लागला, क्षमा असावी.

तुमचा धाकटा,
सूर्यभान

ता. क. डॉक्टरांनी दिवाळीत आपल्या दोघांना बीपीची एकसारखीच गोळी दिली होती. बुधवारच्या आत तिचा रंग तेवढा कळवा.

पुन्हा ता. क. राहू द्या. पत्र चिकटवायला डिंक शोधताना खणात माझं गोळ्यांचं पाकीट सापडलं, दिवाळीपासून तसंच बंद. आता फोडलं, एक घेतली. बुधवारी नवी नोंद होईल. तुमच्या पाकिटाबद्दल मायावहिनी आत्ताच फोनवर काय म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही. पण रंग मी सांगणार नाही. तुमचं उघडा, आणि पाहून कळवा.