पाच नंबरचं नख आणि विहीणबाई

सनशाइन, मेलबर्न
१६ जुलै

तीर्थरूप दुसरीताईस,

धाकट्या लुआचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं पोट वेळेवर साफ होतं का? आपल्या गावी, सा-देकला, यंदा नदीला पाणी किती चढलं, आणि शेजारची कोंबडी अजून आपल्याच अंगणात येऊन अंडी घालते का, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे दहापैकी नऊ नखं जागच्या जागी आहेत आणि दहावं उगवायला लागलं आहे. तू म्हणशील, हातात फोन असताना कागद काळे करायची ही हौस कशाला? तर बाईसाहेब, घरच्या ग्रुपवर मला मेसेज टाकायची बंदी तुम्हीच घातलीत आणि ती अजून उठलेली नाही. बंदी का आली ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूने ठाऊक आहे. आज माझी बाजू ऐक. चहा घेऊन बस, कारण पत्र लांबणार आहे.

मूळ दोष खांगच्या बाबांचा. मे महिन्यात एका रविवारी ते खलबत्त्यात गवती चहा कुटत होते आणि मी उजव्या हाताने बाजूला उडालेले तुकडे आत ढकलत होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात आमचा ताल कधी जुळला नाही, तो त्या दिवशी तरी का जुळावा? दगडी बत्ता थेट माझ्या तर्जनीवर आला. (त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'मधे हात कशाला घातलास?' हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.) नख आधी जांभळं झालं, मग काळं. आता मी नखांच्या दुकानात काम करणारी बाई. माझे हात म्हणजे दुकानाची पाटी. काळं नख घेऊन दुसऱ्याची नखं रंगवायला बसले तर गिऱ्हाईक उठून जाईल. म्हणून मी दहाही नखांना काळपट जांभळा रंग लावला आणि तोंड वर करून बसले. मौज म्हणजे त्या आठवड्यात तीन बायकांनी तोच रंग मागून घेतला.

पंधरा-वीस दिवस निभावलं. मग जूनच्या पाच तारखेला दुपारी साडेतीन वाजता मिसेस झामित यांची बोटं कोमट पाण्यात भिजत होती, मी त्यांचा हात वर काढला, आणि माझं नख रंगासकट सुटून त्यांच्या वाडग्यात पडलं. मिसेस झामित सत्तरीच्या, माल्टाकडच्या, दर गुरुवारी येतात. त्यांनी वाडग्यात डोकावून पाहिलं, मग शांतपणे स्वतःची नखं मोजली, दोनदा मोजली, आणि म्हणाल्या, "माझी दहा आहेत. हे अकरावं तुझं दिसतंय." त्यानंतर मला घेरी आली.

आता नीट लक्ष दे. आमच्याकडे खोट्या नखांना मापाचे नंबर असतात आणि माझ्या तर्जनीला पाच नंबर बसतो. त्यामुळे दुकानात त्या बोटाला सगळ्या 'पाच नंबर'च म्हणतात. माझा हात बर्फात होता, म्हणून मी शेजारच्या खुर्चीवरच्या ह्वेला सांगितलं, माझ्या फोनवरून दुकानाच्या ग्रुपवर कळव, म्हणजे मालकीणबाई उद्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवतील. ह्वेने लिहिलं: 'पाच नंबर खलास. दुपारी साडेतीनला. फार तडफड झाली, आता शांत आहे.' लिहिलं ते ठीकच होतं. पाठवलं ते आपल्या घरच्या ग्रुपवर.

आणि घरात पाच नंबर मी! मी चौथी असून पाच नंबर, तू थोरली असून दोन नंबर. (मिसेस झामितनी एकदा विचारलं होतं, मग एक नंबर कोण? मी म्हटलं, कोणी नाही, थोरल्या पोराला शोधत येणाऱ्या भुतांना चकवायला आम्ही दोनपासूनच मोजतो. त्या म्हणाल्या, "शहाणपणाचं आहे, आमच्या नवऱ्याच्या घरात हे कोणाला सुचलं नाही.") तासाभराने मी बर्फातून हात काढून फोन पाहिला तर एकवीस मिस्ड कॉल. मी तुला फोन लावला, तू उचललास, मी म्हटलं, मी पाच नंबर बोलतेय, आणि तू किंचाळून फोन टाकलास. मग तो आपल्या सहा नंबरने उचलला आणि जड आवाजात मला विचारलं, "ताई, पोचलीस का गं? बाबा भेटले का?" तुम्ही तोवर धूप लावला होता, माझा फोटो बाबांच्या शेजारी ठेवला होता, चार शेजारणी रडायलाही आल्या होत्या. ते सगळं मी माफ केलं. पण ताई, माझे इतके फोटो असताना तो जत्रेतला, तोंडात कणीस असलेला फोटो कसा गं निवडलास?

असो. तो विषय संपला, नख मात्र जन्माला आलं. मी सव्वीस वर्षं बायकांना बजावत आले की नख गेलं तर उघड्या मांसावर खोटं नख चिकटवू नका, खालून पिकतं, बोट हातचं जातं. आता तीच मी पाच नंबरचं खोटं नख आणि डिंकाची बाटली घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. भेटायला आलेल्या ह्वेने बाटली काढून घेतली. मग गिऱ्हाइकाला जो सल्ला देते तोच गुमान स्वतःवर केला. उरलेली नऊ नखं बोटाच्या कडेला भिडतील इतकी कापली, म्हणजे एक आखूड आहे हे चटकन कळत नाही. रंग लावला तोही दुधात गुलाबपाणी टाकल्यासारखा फिका, कारण गडद रंगाच्या नऊ नखांत दहावं बोडकं बोट बोंब मारतं. नखांच्या मुळांशी सकाळ-दुपार तेल, भांडी घासताना हातमोजे, गर्दीत जाताना बोटावर पातळ पट्टी. तिसऱ्या आठवड्यात एक बाई म्हणाली की तुझे हात आधीपेक्षा छान दिसतात. मला आनंद व्हावा की राग यावा ते कळेना.

पण ताई, खरं सांगू? मला त्या बोटाची चटकच लागली. दर सोमवारी मी पट्टीने नख मोजते. सव्वीस वर्षं मी नखं कापली, घासली, रंगवली, पण नख येतं कसं हे कधी पाहिलंच नव्हतं. आधी मुळाशी एक पांढुरकी रेघ आली, मग ती जाड झाली, मग हळूच पुढे सरकायला लागली. आठवड्याला जेमतेम तांदळाच्या कणीएवढी. थंडीत आणखी हळू. त्याला कसं कळतं की तू तर्जनीचं नख आहेस, अंगठ्याचं नाहीस? कडेला कुठे वळायचं ते कोण सांगतं? आणि नखाशिवाय बोट अगदीच भोळसट असतं हेही मला आत्ता कळलं. लसूण सोलता येत नाही, संत्र्याला भोक पाडता येत नाही, किती जोराने दाबतोय याचा बोटाला पत्ताच लागत नाही. मिसेस झामित आता दर गुरुवारी भिंग घेऊन येतात. आधी माझं नख बघतात, मग आपली पुढे करतात. गेल्या गुरुवारी म्हणाल्या, "बाळसं धरलंय हो."

हे सगळं गमतीचं झालं असतं, पण खांगचा साखरपुडा सप्टेंबरच्या अखेरीला ठरला आहे (तूच तर भंतेंकडून तिथी काढून दिलीस), आणि होणाऱ्या सुनेची, क्वेनची, आई कोण तर फुंगबाई. स्प्रिंगवेलला नखांची तीन दुकानं. तिच्या हाताखाली चौदा जणी. तिने आजवर माणसाचं तोंड आधी पाहिलेलं नाही, हात पाहिले आहेत. एका नखवालीने दुसऱ्या नखवालीकडे सोयरीक करायची आणि त्यात वरमाईचंच बोट बोडकं, म्हणजे न्हाव्याने टकलू होऊन दुकान मांडण्यातला प्रकार. जूनच्या शेवटच्या रविवारी दोन्ही घरांचं पहिलं जेवण एका हॉटेलात ठरलं. पट्टी लावून गेले असते तर तिने विचारलं असतं, न लावता गेले असते तर दिसलं असतं. म्हणून मी ठरवलं की उजवी तर्जनी तळव्यात दुमडून ठेवायची आणि उरलेल्या बोटांनी ऐटीत जेवायचं.

पहिलं सूप येईपर्यंत जमलं. पण दुमडलेलं बोट ठणकायला लागलं, म्हणून मी ते जरा सरळ करायची आणि पुन्हा दुमडायची. सरळ करायची, दुमडायची. हात टेबलावर उताणा होता. आणि माझ्या बरोब्बर समोर क्वेनचे आजोबा बसले होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे. काही वेळाने आजोबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, काठी घेतली, सबंध टेबलाला वळसा घालून माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आलो बरं का, बाई. आमच्या गावात असं बोट वाकवून कुत्र्याला बोलावतात. पण आम्ही पडलो मुलीकडचे, बोलावलं की यायला हवं. आता हाडूक तरी टाका."

ताई, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खांगच्या तोंडचं पाणी पळालं. खांगचे बाबा (ज्यांच्यामुळे हे सगळं झालं) खेकडा फोडण्यात गर्क होते. फुंगबाईने पर्स उचलली. ठरलेलं लग्न डोळ्यांदेखत मोडताना मला दिसत होतं, त्याच्यापुढे बोटाची कसली लाज? मी हात सरळ केला, टेबलावर ठेवला आणि आजोबांना म्हटलं, "काका, तुम्हाला नाही हो बोलावलं. नख गेलंय माझं. ते लपवत होते."

मग फुंगबाईने पर्स खाली ठेवली, माझा हात ओढला आणि दिव्याखाली धरला.

"कधी?"

"जूनच्या पाचला सुटलं."

"बत्ता?"

"बत्ता."

"नवरा कुटत होता?"

"हो."

"माझाही," ती म्हणाली, आणि मला हाताला धरून तडक बायकांच्या बाथरूममध्ये घेऊन गेली. तिथे दाराला कडी लावून तिने आपल्या उजव्या अंगठ्यावरचं, त्वचेच्याच रंगाचं एक पातळसं टोपण काढलं. ताई, खाली नखच नाही! अकरा वर्षं झाली, पुन्हा आलंच नाही. त्या टोपणावर ती दर शनिवारी नवा रंग लावते, आणि चौदा जणींपैकी एकीलाही पत्ता नाही. मग ती हसायला लागली, मीही हसायला लागले, मग दोघी जरा रडलो. हे कोणालाही सांगणार नाही अशी मी शपथ घेतली आहे. आता तू काही 'कोणी' नाहीस, म्हणून तुला सांगितलं. आजोबांनीही माफ केलं, फक्त फोनवर माझा आवाज ऐकला की आधी एकदा भुंकतात.

राहता राहिली आपल्या आईची कर्णफुलं. साखरपुड्यात सगळ्यांच्या देखत वरमाईने आपल्या हाताने ती सुनेच्या कानात घालायची, हे काही दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही. आणि त्यांची फिरकी मुगाच्या दाण्याएवढी, ती नखाने धरल्याशिवाय फिरत नाही. ह्वेच्या कानावर मी चारदा सराव केला. तीनदा फिरकी पडली, चौथ्यांदा ह्वे पळाली. ऐन समारंभात कर्णफूल जमिनीवर पडलं तर पाव्हणे काय म्हणतील ते तुला सांगायला नको. म्हणतील, हे लग्न टिकायचं नाही. खांग पोर चांगलं आहे गं, आणि क्वेन तर त्याहून चांगली. माझ्या एका बोटापायी त्यांच्या माथी असलं काही लागायला नको, एवढंच मला वाटतं. बाकी मी मजेत आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
लुआ (पाच नंबर, हयात)

ता. क. खरं म्हणजे मी एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले: भंतेंकडे जा आणि साखरपुडा डिसेंबरात ढकलून आण. तोवर नख टोकाला पोचतं, मी हिशेब केला आहे. त्यांना नखाचं काही सांगू नकोस. ग्रह बरे नाहीत म्हण, मुलीच्या मामाला प्रवास आहे म्हण, तुला सुचेल ते म्हण. पुढच्या वेळी येताना तुला लागेल ते आणीन.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. पाकीट चिकटवून झालं होतं, ते फाडून लिहिते आहे. आत्ता खांग आणि क्वेन येऊन गेले. दोघं दारातच हात धरून उभी राहिली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. क्वेनला तिसरा महिना आहे. मी एवढंच विचारलं, बाळाला नखं कधी येतात गं? ती म्हणाली, "आत्ताच, याच दिवसांत फुटायला लागतात, आई." आजवर ती मला मावशी म्हणायची. तर ताई, डिसेंबर नको आणि सप्टेंबरही नको. आपला चंद्राच्या हिशेबाचा सातवा महिना, भुतांचा, ज्यात लग्न करत नाहीत, तो लागायच्या आत जो पहिला बरा दिवस असेल तो भंतेंकडून काढ, साखरपुडा आणि लग्न एकाच आठवड्यात उरकू, आणि तू गुडघ्यांसकट विमानात बस. फुंगबाईला अजून माहीत नाही, उद्या आधी तिला सांगेन, मग आम्ही दोघी मिळून आजोबांना सांगू. फिरकी पडली तर पडू दे. खाली वाकेन, उचलेन, पुन्हा घालेन, पाव्हण्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. जानेवारीत मला दहा इवली इवली नखं कापायची आहेत.