आराम झाल्यावर

ता. २१ नोव्हेंबर १९४३, धाराशिव
उजवा गुडघा गेला. चेंडू वळवताना पाय मातीत रुतला, अंग फिरलं, गुडघा काही फिरला नाही. आत कट्‌कन वाजलं. रशीद गोल सोडून धावत आला. चौघांनी बाजेवर घालून घरी आणलं. आप्पा दुकानाच्या पायरीवरच. वाटलं, आता तोफ सुटणार. "चामड्याच्या मागं लागलास, घे आता," एवढंच म्हणाले आणि हळद उगाळायला बसले. चेंडू नेहमीप्रमाणे बाहेर, न्हाणीपाशी. लिंगपूजेच्या घरात चामडं नको.

ता. २३
तालमीतले वस्ताद आले. "वाटी सरकली. वढून बशिवतो." ओढलं. डोळ्यांपुढं काजवे. वाटी जागेवरच होती, पण ऐकतो कोण. सूज दुप्पट.

ता. २४
दवाखाना. डॉ.सा. हैद्राबादचे, उर्दूशिवाय बोलत नाहीत. चोळणं बंद. गार पाण्याच्या घड्या, पाय उशीवर उंच, मागून लाकडी पट्टी. आत कंपाउंडर मला पट्टी बांधत होता, तोवर डॉ.सा. बाहेर आप्पांशी बोलले. टांग्यात आप्पा म्हणाले, "आराम कर म्हनले. आराम झाला की खेळ म्हनले."
खेळ! आप्पांच्या तोंडून हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. जानेवारीत हैद्राबादचे लोक खेळाडू निवडायला येणार. रशीदला निरोप धाडला, माझं नाव राहू दे.

ता. १२ डिसेंबर
आप्पा तांब्यासाठीसुद्धा उठू देत नाहीत. गिऱ्हाइकांना सांगतात, "लोकांची पोरं काम करून दमत्यात, आमचं आराम करून." सूज उतरली. मांडीची मात्र काठी झालीय.

ता. ३ जानेवारी १९४४
पट्टी सोडली. डॉ.सा. दौऱ्यावर, कधी येतात पत्ता नाही. "झाला की आराम," आप्पा म्हणाले, "महिना झाला, पाय हालवू दिला न्हाय म्या." पायरी उतरताना गुडघा सटकतो. सवय मोडली म्हणून असेल.

ता. ९
आज निवडीचा सामना. आप्पा मैदानावर! दुकान बंद करून, पटका बांधून, छत्री घेऊन. चेंडू अंगावर आला तर धोतर सावरून मागं सरले, लोक हसले, तेही हसले. मी बरा खेळत होतो. लई बरा. मग एकदा वळलो आणि

पुन्हा तेच कट्. पाय अर्धा वाकला तो सरळ होईना, कुलूपच पडलं. सगळ्या गलक्यात आप्पांची हाक तेवढी ऐकू आली. मैदानातच रडलो. दुखलं म्हणून नाही.

ता. ११
डॉ.सा. परतले. हळूहळू फिरवून कुलूप सोडवलं. मग संतापले. "मैंने क्या कहा था? आराम होने के बाद खेलो!" म्हटलं, केला की आराम, महिनाभर. "किया नहीं, हुआ! आराम हुआ था क्या?"
उर्दूत आराम होणं म्हणजे बरं होणं. मी सगळी शाळा उर्दूत शिकलो. पण आप्पांनी निरोप मराठीत आणला आणि मी तो मराठीतच ऐकला.
आतली गादी फाटली, सांधा धरून ठेवणारा बंद तुटला. चालता येईल. "फुटबॉल भूल जाओ."
आप्पा बाहेर बाकावर. "काय म्हनले?"
"पुन्हा मार लागलाय म्हणाले."

ता. १२
रशीदला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आप्पा को नक्को बोल, शिवा. जीते जी मर जाते." खरं आहे. पण मग हे मी एकट्यानं कुठं ठेवू?

ता. २०
रशीदची निवड झाली. आज गेला. मोटारीपर्यंत काठी टेकत गेलो. हेवा वाटला, फार वाटला. घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडलो. आप्पांना वाटलं, कळ आली. गरम पाण्याची पिशवी घेऊन आले.

ता. २ फेब्रुवारी
सकाळी आप्पा खोलीत आले. नुकती अंघोळ झालेली, पूजा व्हायची होती. हातात चेंडू. स्वतःच्या हातात. उपरण्यानं पुसून माझ्या उशाशी ठेवला.
"हितंच ऱ्हाऊ दे. मागं म्याच घाई केली. आता नीट आराम कर. आराम झाला की खेळशील नव्हं?"
"व्हय, आप्पा."
मग ते पुन्हा अंघोळीला गेले.