पोटात बाजा असलेली बाहुली

परतूर
रविवार, सकाळच्या चहानंतर

आदरणीय बेबीनंदाअक्का,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? (बाकीची तू बरी असणारच, असं धरून चाललो.) दाजींना जयभीम सांग. इकडं सुरेखा बरी आहे, माझे अकरा बाजे बरे आहेत, त्यातले तीन तर वाजतात सुद्धा. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतीस आणि आभार मानायचे राहून जातात. म्हणून कागद घेतला.

मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून मी जुने चावीचे बाजे, म्हणजे ग्रामोफोन, गोळा करून राह्यलो, हे तुला माहीत आहे (त्यावर तुझं मत काय, तेही मला माहीत आहे). जालन्याच्या भंगारवाल्या राधेश्यामनं खबर दिली, की भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला गोजरबाई नावाच्या म्हातारीच्या पेटीत एक विलायती बाहुली आहे, आणि तिच्या पोटात बाजा आहे. अक्का, अशा बोलत्या बाहुल्या सव्वाशे वर्षांपूर्वी निघाल्या आणि थोड्याच दिवसांत बंद पडल्या. मी चित्रातच बघितल्या होत्या. त्या दिवशी मी भाजीत मीठ न्हाई हे बोललोच न्हाई, सुरेखाला विचार.

दुसऱ्याच दिवशी पिंपळगावला गेल्तो. गोजरबाई शहाऐंशीच्या, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. बाहुली हातभर लांब, चिनी मातीचं तोंड, एक डोळा अर्धा मिटलेला, पाठीत चावी. त्यांच्या सासऱ्यांनी हैदराबादला कुण्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. पण साठ वर्षांत ती बोलली नव्हती. मी विकत घ्यायचा विषय काढला, तर बाई म्हणाल्या, आधी हिला बोलती करून आण, मंग बघू. आणि अनोळखी माणसाच्या पिशवीत त्यांनी ती खुशाल घालून दिली. एवढ्या विश्वासानं सुरेखानं मला कधी किराण्याची यादीही दिलेली न्हाई.

येताना यष्टी राजूर सोडून निघाली आणि एका खड्ड्यात अशी आदळली, की साठ वर्षं अडकलेली स्प्रिंग पिशवीतल्या पिशवीत सुटली. आतून आवाज आला, लेकराचं तोंड दाबून धरल्यासारखा. गाडी गणपतीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांनी भरलेली. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं, मंग पिशवीकडं, मंग कंडक्टरला हाक मारली. गाडी थांबली. मी सांगून राह्यलो की लेकरू न्हाई, बाजा आहे, पण पिशवीतून आधी केस निघाले, तेव्हा दोन बाया उठून मागं गेल्या. कंडक्टरनं बाहुली उलटीसुलटी करून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं शांतपणे सांगितलं, "काही न्हाई, गुरुजींचं खेळणं आहे." जालन्यापर्यंत माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई. मी पण खिडकीबाहेरची नजर आत वळवली न्हाई.

घरी पोट उघडलं. तेल वाळून डिंक झालेलं, आतला पट्टा हात लावताच भुगा. मी रबर बँड लावला, तर बाहुली म्हशीसारखी हंबरली. चार दिवस असे गेल्यावर तुला व्हिडिओ कॉल केला. तू चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलीस, बाजाला कधी हात लावला न्हाई. पण बघितल्याबरोबर म्हणालीस, "संघपाल, आधी हात काढ तिच्या पोटातून." मंग ब्लाउजच्या बाहीत घालायचं गोल इलॅस्टिक लावायला सांगितलंस, काडीच्या टोकानं मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकायला लावलंस (दुसरा मी टाकणारच होतो, तू अडवलंस), आणि तिसऱ्या खेपेला बाहुली बोलली. भाषा विलायती, एक अक्षर कळालं न्हाई, पण सुरेखाच्या हातातलं लाटणं थांबलं.

कामाच्या गडबडीत परवा परवाच ती घेऊन पिंपळगावला जाणं झालं. गोजरबाईंनी मांडीवर घेतली, मी चावी दिली. बाई हलल्या न्हाईत. आवाज संपल्यावर सांगू लागल्या, की लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, दिवेलागणीला माहेर आठवून रडायच्या, मंग सासरे हिला चावी द्यायचे.

"ही काय बोलते ते घरात कुणालाच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ही बी माहेराचंच सांगून राह्यली."

पुन्हा लाव म्हणाल्या. नऊ वेळा लावली.

अक्का, मी तीस वर्षं वर्गात बोललो, पण कुणी असं ऐकलं न्हाई. हे तुझ्यामुळं झालं. आई गेल्यावर माझा शाळेचा शर्ट तू शिवलास, डी.एड.ला निघालो तेव्हा पँट शिवलीस. त्याचे आभार तेव्हा सुचले न्हाईत, ते पण यातच धर.

तुझा भाऊ,
संघपाल

ता.क. एक राहिलं. गोजरबाईंनी विचारलं, दुरुस्ती कुणी केली. मी 'आम्ही' म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, आता मनभर ऐकून झालं, माझ्या बोटांनी चावी फिरत न्हाई, आणि विकायची तर बिलकुल न्हाई. जिनं बोलती केली, तिलाच दे. तेव्हा बाहुली तुझी आहे. सध्या माझ्या कपाटात आहे, दोनच दिवस झाले. पण तुझ्याकडं शिवणाच्या चिंध्यांचा धुरळा फार, तिच्या पोटात जाईल. उन्हाळा सरेपर्यंत ती इथंच राहू द्यावी, एवढी विनंती.

आणखी ता.क. अक्का, मी सुरेखा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. हे दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी पिंपळगावला गेल्ते. त्याला दीड महिना झाला. रोज सकाळी चावी देतात आणि 'अक्काला पोचवली पाहिजे' म्हणतात. तुम्ही हक्कानं येऊन घेऊन जा. फक्त या आठवड्यात येऊ नका. मी तिला लोकरीचा झगा विणून राह्यले, एक बाही बाकी आहे.